सुपं आत आली त्या रविवारी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी विडीची पानं आली. एक खोली, माणसं पाच, आणि कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. आई मांडीवर सूप घेऊन बसायची. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मागाच्या खडखडाटानं चाळिशीतच त्यांचे कान गेले. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, त्यामुळं आमच्या घरातलं एकही गुपित गल्लीपासून लपलं नाही. महिनाअखेर आमटी पातळ झाली की आई म्हणायची, "मला भूक न्हाय, तुमी जेवा." आम्ही पोरं खुशाल तिच्या वाटणीची भाकरी खायचो. खरंच वाटायचं.

माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. शाळेत बाकावरचा मुलगा नाक धरायचा. कॉलेजात गेल्यावर मी दप्तरात पावडर शिंपडू लागलो. आईनं ते बघितलं होतं.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगतो, असं बायकोचं म्हणणं आहे. असेना का. बी.ए. झालो, पुढं दोन वर्षं ख्रिस्ती धर्मशिक्षण घेतलं आणि सोलापुराबाहेरच्या आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतच, नवी मंडळी, एक छोटं चर्च, सुरू करायचं ठरवलं. तिथं आमच्यासारखी ख्रिस्ती घरं विखुरलेली होती. शहरातलं चर्च लांब, दोन रिक्षा बदलायच्या, म्हणून बायका नाताळाला तेवढ्या जायच्या. त्या चर्चचे वयस्कर धर्मगुरू, म्हणजे पाळक, म्हणाले, "नाताळपर्यंत प्रयत्न कर. दहा घरं नेमानं आली तर तिला मंडळी म्हणू. नाहीतर आमच्या शाळेत कारकुनाची जागा आहे, ती घे."

एका मालकानं बंद पडलेल्या मागाची पत्र्याची शेड वापरायला दिली. मी झाडली, चुना लावला, टेबलावर बायबल मांडलं. पहिल्या रविवारी नऊ बायका आल्या, आणि प्रत्येकीच्या काखेत सूप!

त्याला कारण होतं. रविवारी विडी कारखान्याची माल जमा करून घेणारी ब्रँच बंद असते, पण सोमवारी सकाळी माल घेऊन उभं राहावंच लागतं. रविवार बाकीच्यांना सुट्टीचा. विडीवाल्या बाईला सगळ्यात कामाचा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म त्यातच गेला होता. तरी मी दारात आडवा उभा राहिलो. "सुपं बाहेर ठेवा. हे देवाचं घर आहे."

बायकांनी चपलांशेजारी सुपांची रांग लावली. मी आत पाऊण तास पवित्रतेवर बोललो. बाहेर आलो तर कुणाची तरी शेळी तिसऱ्या सुपात तोंड घालून निवांत चरत होती. कातरलेली पानं निम्मी तिच्या पोटात, निम्मी पायाखाली. ते सूप आमच्या शेजारच्या मावशींचं. त्यांनी आधी शेळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय ओ पाळकसाहेब, उद्या ब्रँचमदी काय देऊ? शेळी देऊ का तुमाला देऊ?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण पुढच्या रविवारी आईशिवाय एकही बाई आली नाही.

त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिने मी आई आणि वडील या दोघांनाच उपदेश केला. वडिलांना ऐकू येत नसे, पण उत्साह दांडगा, माझे ओठ थांबले की ते मोठ्यानं "आमेन!" म्हणायचे. मी नुसता खोकायला थांबलो तरी आमेन. मनात यायला लागलं की देवानं मला बोलावलंच नसावं, मीच पदवीच्या तोऱ्यात हाक ऐकली असावी. नाताळला महिना राहिला आणि मी कारकुनाच्या जागेचा अर्ज लिहायला बसलो.

आई समोर विड्या वळत होती. "काय लिवालास?"

"अर्ज. मंडळी काय जमत न्हाई."

"बायांला देव नको झालाय व्हय?"

"मग येत का न्हाईत?"

"आरं, कामाचं सूप बाहेर टाकून कुठली बाई बसंल? तुझी डिग्री ह्याच सुपातनं निघालीया. त्या सुपाला तू दाराबाहेर ठिवलंस." दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "दप्तराला पावडर लावायचास, तवाच मी वळखलं व्हतं."

मी पेन खाली ठेवलं. विडी चांगली, असं मी आजही म्हणत नाही. पण मला दारात आडवं उभं केलं ते पवित्रतेनं नव्हे, त्या जुन्या वासाच्या लाजेनं.

शनिवारी मी घरोघर गेलो. मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "शेळीला बी मागायला सांगा." रविवारी आईचं सूप मी स्वतः डोक्यावर घेऊन भर गल्लीतनं शेडपर्यंत नेलं आणि बायबलच्या टेबलाजवळ ठेवलं. दारं-खिडक्यांतनं बायका बघत होत्या. उपासना सुरू झाली तेव्हा सात सुपं आत होती.

हात कामात, म्हणून गाण्याला टाळ्या नाहीत. कात्र्यांनीच ताल धरला. उपदेश मोजायचंही नवं माप निघालं. पंचवीस विड्यांची एक जुडी. मी लांबलो की मावशी मागनं सांगायच्या, "साहेब, तिसरी जुडी झाली बघा," आणि वडील माझे ओठ थांबायची वाट न बघताच "आमेन!" त्या मापानं मला नेमकं बोलायला शिकवलं. धर्मशिक्षणाच्या दोन वर्षांत ते जमलं नव्हतं.

मग मी म्हणालो, "प्रार्थना करू." हात थांबवा असं मी सांगितलं नव्हतं. तरी एकेक कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला आणि शेड शांत झाली. मला पहिलं वाक्यच सुचेना. मावशींनी सुरुवात करून दिली.

नाताळच्या सकाळी शहरातले पाळक आले. सुपांमधनं वाट काढत पुढं गेले, घरं मोजली. अकरा भरली. कारकुनाचा अर्ज मी पाठवलाच नाही.

याला आता सहा वर्षं झाली. शेडला फरशी बसली आहे, आणि भिंतीलगत सुपं ठेवायला कट्टा बांधून घेतला आहे. घरकुलातल्या ख्रिस्ती लोकांची स्वतःची मंडळी आहे, दर रविवारी उपासना होते, आणि मी तिथला पाळक आहे.