ती मालवणीत बोलली म्हणून

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनात घोळतेय, म्हणून लिहितेय.

वर्षाचा मसाला कुटून घ्यायला आज लालबागला गेले होते. रांगेत माझ्यापुढे साठीच्या एक काकू आणि त्यांच्यापुढे बुरखा घातलेली एक बाई. बाईचा नंबर आला तशा काकू मशीनवाल्या दादांना म्हणाल्या, "आधी माझं घ्या. यांच्या मागून त्याच मशीनमध्ये माझा मसाला नको."

दादा मशीन झटकत राहिले. मीही मोबाइलमध्ये डोकं घातलं.

ती बाई शांतपणे वळली. "काकी, यात मटाण नाय हा. मिरच्यो, धने नि बडीशेप. तुमच्यात काय वेगळा आसा?"

अस्सल मालवणी! मी चटकन विचारलं, "तुमी खयच्या?"

"देवगडची."

माझं माहेर तिथून तासाभरावर. मग मला एकदम कंठ फुटला. "दादा, नंबर यांचा आहे, यांचंच टाका."

दादांनी टाकलं. काकू पिशवी उचलून दुसऱ्या दुकानात गेल्या. आम्ही दोघी मसाला होईपर्यंत गावच्या गप्पा मारत बसलो.

येताना स्वतःचं कौतुक वाटत होतं. घराचा जिना चढताना मात्र ते ओसरलं. काकू बोलल्या तेव्हा मी गप्पच होते की! ती बाई हिंदीत बोलली असती, यूपी-बंगालकडची असती, तरी नंबर तिचाच होता ना? मी मोबाइलमधून डोकं वर काढलं असतं का?

खरं सांगा, तुम्ही काढलं असतं?