भरतीच्या खोलीतल्या तीन किल्ल्या

मुफीदा अल्लूजच्या जिवाला स्वस्थता कशी ती नव्हतीच. घरातून निघाली की कोपऱ्यापर्यंत जायची आणि गॅस बंद केलाय ना, हे पाहायला परत फिरायची. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या समुद्र संस्थेत ती सर्व्हर सांभाळायची. तिथे हा स्वभाव उपयोगी पडे, पण तिचा तिलाच त्रास होई. "लल्ला मुफीदा, झोपेतसुद्धा उठून सर्व्हरची नाडी बघत असाल तुम्ही," असं संस्थेतला बशीर तिला, बाईसाहेब म्हणावं तसं 'लल्ला' म्हणत, चिडवायचा. ती हसायची नाही, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात संचालकांनी पासवर्ड बंद करायचं ठरवलं. यापुढे ज्याला सर्व्हरवर यायचंय त्याने एसएसएचची किल्ली वापरायची. या किल्लीचे दोन भाग असतात. एक आपल्या संगणकावर जपून ठेवायचा, कुणाला द्यायचा नाही. दुसरा सर्व्हरवरच्या आपल्या होम फोल्डरमध्ये, एका ठरावीक फाइलीत ठेवायचा. दोन्ही जुळले की दार उघडतं. मुफीदाने सगळ्या इमारतीच्या किल्ल्या बसवल्या, आणि समुद्राची भरती-ओहोटी नोंदणाऱ्या भरतीच्या खोलीत येऊन तिचं घोडं अडलं.

भरतीच्या खोलीत तीन माणसं होती. साठीला टेकलेले प्रमुख मुन्सिफ, ज्यांना सगळे आदराने 'सी मुन्सिफ' म्हणत, जलीला, आणि बशीर. केरकेन्ना बेटांवरच्या बोटींना वाऱ्याचे इशारे याच खोलीतून जायचे. तिघांची लॉगिनची नावं वेगळी होती, पण होम फोल्डर एकच. सी मुन्सिफनी कधीकाळी तसं मागून घेतलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एका ताटात जेवणारी माणसं आहोत आम्ही, असं ते पाहुण्यांना सांगत.

मुफीदाने तिघांच्या किल्ल्या त्या एकाच फाइलीत ठेवल्या. सर्व्हरने कुणालाच आत घेतलं नाही. कारण तिला लवकरच उमगलं. तो फोल्डर तिघांनाही लिहायला मोकळा होता, आणि ज्या फाइलीत कुणीही हात घालू शकतं तिच्यावर सर्व्हर विश्वास ठेवत नाही. फोल्डर फक्त जलीलाच्या नावावर करून इतरांचं लिहिणं बंद केलं, तर जलीला आत गेली पण बाकी दोघांचं काम ठप्प झालं. बशीर म्हणाला, सर्व्हरला ही तपासणीच सोडून द्यायला सांगा, एका ओळीचं काम आहे. संचालकांचाही फोन आला, की उरकून टाका. शुक्रवारी मुफीदाने ती ओळ घातली. तिघंही आत गेले. बशीरने सगळ्यांना कॉफी पाजली.

मुफीदाला ती कॉफी गोड लागली नाही. शनिवारभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. रविवारी आईकडे कुसकुससाठी मासे साफ करताना तिचा हात मध्येच थांबला. किल्ल्या तीन, फाइल एक, आणि तीच फाइल तिन्ही नावांची. मग सर्व्हर ओळखणार तरी कुणाला? आईने विचारलं, काय गं, काटा लागला का? मुफीदाने मान हलवली आणि मासा तसाच ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सोमवारी अंगातला कोटही न काढता ती भरतीच्या खोलीत शिरली. तिने जलीलाला सांगितलं, तुझीच किल्ली वापर, पण नाव सी मुन्सिफचं टाक. जलीलाने टाकलं. दार उघडलं. सर्व्हरच्या लेखी आता ती सी मुन्सिफ होती.

सी मुन्सिफ हसले. "मग उघडू दे की. या खोलीत कुणी कुणापासून लपवायचं काय? समुद्राचं पाणी?"

जलीला हसली नाही. तिने मुफीदाकडे पाहिलं. "ताई, म्हणजे याआधीही माझ्या नावाने कुणी आत येऊ शकत होतं?"

"याआधी तर तुमचे पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेले होते," मुफीदा म्हणाली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती. जलीलाने वाऱ्याचा इशारा दिला होता. तापाने फणफणून ती घरी गेली, आणि संध्याकाळी तिच्याच नावाने तो इशारा मागे घेतला गेला. बोटी बाहेर पडल्या. वाऱ्याने एक बोट धक्क्यावर आपटली आणि हबीब नावाच्या कोळ्याचा उजवा हात चिरडला. चौकशीत जलीलाने सांगितलं, मला काही आठवत नाही, तापात घरून मीच केलं असेल.

"मी नव्हतं ना ते केलं?" तिने विचारलं. विचारलं कुणाला, हे मात्र तिने सांगितलं नाही.

बशीरने खाली पाहिलं. सी मुन्सिफ चष्मा पुसू लागले, तो पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"मी मागे घेतला," ते म्हणाले. "बंदरावरून सारखे फोन येत होते. आठवडाभर बोटी बसून होत्या. इशारा तुझ्या नावाचा, तुझ्याच नावाने मागे घेता येत होता. वारा येईल असं वाटलं नव्हतं, पोरी."

"आणि नंतर?"

"नंतर धीर झाला नाही."

"वर्षभर मी माझ्याच डोक्यावर संशय घेतला," जलीला म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली.

मुफीदा खुर्ची ओढून कामाला बसली, कारण हात चालू नसते तर ती रडली असती. तिने सर्व्हरची बंद केलेली तपासणी पुन्हा सुरू केली. सर्व्हरवर, होम फोल्डरच्या पूर्ण बाहेर, फक्त तिलाच लिहिता येईल अशी एक जागा केली आणि तिथे प्रत्येक नावाची वेगळी फाइल ठेवली. एका फाइलीत एकच किल्ली. मग सर्व्हरला सांगितलं, किल्ल्या आता इथे शोध. तिघांचा फोल्डर होता तसाच मोकळा राहिला. कामाच्या फाइली सगळ्यांच्या, नाव मात्र ज्याचं त्याचं. व्हरांड्यातून जलीलाला बोलावून तिने पुन्हा सी मुन्सिफचं नाव टाकायला लावलं. सर्व्हरने नकार दिला. मुफीदाने उलटसुलट सगळ्या जोड्या तपासल्या, मग पुन्हा तपासल्या.

सी मुन्सिफ त्याच दिवशी संचालकांकडे गेले. संचालकांनी जुनं प्रकरण उकरू नका म्हणून समजावलं. पण ते ऐकेनात. चौकशी पुन्हा झाली, जलीलावरचा ठपका पुसला गेला, आणि प्रमुखपद गेल्यावर सी मुन्सिफ कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले. एका शनिवारी ते एकटेच बोटीने केरकेन्नाला हबीबच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. हबीबच्या बायकोने दार उघडलं पण आत बोलावलं नाही, एवढंच बशीरच्या कानावर आलं. जलीला त्यांच्याशी कामापुरतं बोलते. त्यांनी पुढे केलेली कॉफी ती अजून घेत नाही.

फेब्रुवारीत जलीलाने पुन्हा इशारा दिला. बोटी थांबल्या, आणि दिवसभर समुद्र तेलासारखा शांत राहिला. दुपारी बंदरावरून फोन आला. पलीकडचा माणूस तावातावाने विचारत होता, कुणाच्या अकलेने हा इशारा दिला म्हणून.

"माझ्या," जलीला म्हणाली. "जलीला फख्फाख. उद्या सकाळपर्यंत बोटी सोडू नका."

मुफीदा दारातच उभी होती. ती खिडकीपाशी गेली आणि झाडाचं पान हलतंय का ते पाहू लागली.