न वाचायचा वाडगा

आमच्या घरमालक काकांइतका भित्रा माणूस सबंध सिंगापुरात सापडायचा नाही. पालीला ते भीत नाहीत, विजेच्या कडकडाटाला भीत नाहीत. भितात ते चिनी वाचता येणाऱ्या माणसाला. आणि राहतात कुठे, तर चिनी शेजाऱ्यांनी भरलेल्या क्लेमेंटीत! कारण एक वाडगा. जुना, जपानी, पांढऱ्यावर निळं नाजूक काम आणि आतल्या कडेने चिनी अक्षरांत कविता. काकूंनी तो जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणला आणि अर्थही सांगून टाकला, "जेवताना पेपर वाचणाऱ्याला आमटी दुसऱ्यांदा मिळत नाही." काकूंना चिनीचा गंध नव्हता, हे काकांना पक्कं ठाऊक. तरी त्या दिवसापासून त्यांनी जेवताना पेपर उघडला नाही. काकू गेल्यावर तर कुणीतरी खरा अर्थ सांगेल या धास्तीनेच ते अर्धे झाले. आमटी रोज त्याच वाडग्यात, आणि बेल वाजली की वर ताटली. एअरकॉनवाला आला तेव्हा ताटली सापडेना, म्हणून गरम आमटीचा वाडगा त्यांनी सदऱ्याखाली घेतला. पोट पोळलं, पण हूं की चूं केलं नाही. मी त्यांची भाडेकरू, विद्यापीठात संशोधन करते. मलाही तंबी होती, "तुझ्या चिनी मैत्रिणी स्वयंपाकघरात नकोत." हळूहळू ती भीती मलाही लागली.

परवा खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी अननसाचे टार्ट घेऊन थेट टेबलापाशी आल्या. दार मीच उघडं टाकलं होतं. काकांनी नुकताच रिकामा केलेला वाडगा त्यांनी उचलला आणि फिरवून फिरवून वाचू लागल्या. काका पांढरेफटक पडले. मी उगाच ताटली शोधू लागले.

"सांगू नका," काका कसेबसे म्हणाले. "माझ्या बायकोनं सांगितलंय काय लिहिलंय ते."

"काय सांगितलं?"

काकांनी पेपरचं, आमटीचं सगळं सांगितलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. आंटींनी वाडगा अलगद टेबलावर ठेवला.

"करेक्ट लाह," त्या खास सिंगापुरी हेलात म्हणाल्या.

त्यांना लिफ्टपर्यंत सोडताना मी हळूच खरा अर्थ विचारला.

"नदी, चंद्र आणि एकटाच जेवणारा म्हातारा," आंटी म्हणाल्या. "ते त्याला माहीतच आहे. सांगायचं कशाला?"

परत आले तर काका दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत होते.

"बघ," ते म्हणाले, "म्हणजे आमच्या हिला चिनी येत होतं."

आता काकांची भीती पार गेलीय. येईल त्याच्यापुढे ते "वाचा" म्हणून वाडगा धरतात. बेल वाजली की ताटली शोधत मीच धावते.