भिंतीच्या अलीकडचा गुलाब

शिरपूरला माझी नणंद दिली आहे. तिच्या अंगणातल्या चढत्या गुलाबाची एक फांदी तिने मातीत दाबून ठेवली होती. मुळं फुटल्यावर ती तोडून तिने माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "वैनी, हा कारल्यासारखा आपल्या मनानं चढत नाई. याले हातानं बांधा लागते."

अनसिंगला आमच्या घरामागच्या परसात मी ती भिंतीशी लावली. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या काकूंचं अंगण. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घातलं, उन्हाळ्यात धुण्याचं शेवटचं पाणी बुंध्याशी सोडलं. फांद्या सरळ उभ्या बांधल्या की फक्त शेंड्याला फुलं यायची. आडव्या वाकवून बांधल्या तर प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघायचा. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून मी एकेक फांदी खिळ्यांना बांधत गेले. हातांवर ओरखडे असायचेच. तिसऱ्या वर्षी आमची अख्खी भिंत लाल झाली, आणि पाच-सहा फांद्या वरून पलीकडे उतरल्या.

त्यानंतर एकदा सकाळी मागच्या गल्लीत गुलाबाच्या कापलेल्या फांद्या पडलेल्या दिसल्या. काप एकदम साफ होता. बकरीने ओढलं तर साल सोललेली असते. हे कात्रीचं काम होतं. काकू अंगण झाडत होत्या. मी भिंतीवरून पाहिलं, त्यांनी वर बघितलंच नाही. मी काही विचारलं नाही, पण मनात धरून ठेवलं.

पावसाळ्यात मी आईकडे धनजला गेले होते. आठवड्याने परत आले तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि गुलाबही वरवर बरा वाटत होता. मग नवे फुटवे आले, ते बघून मी दचकले. पानं पानांसारखी नव्हतीच, दोऱ्यासारखी बारीक, पिवळट, एकाच ठिकाणी झुबका करून आलेली. कळ्या जवारीच्या दाण्याएवढ्या होऊन वाळून जात होत्या.

माझ्या डोक्यात पहिलं नाव काकूंचं आलं. भिंतीवरून काही ओतायला किती वेळ लागतो? भिंतीवर एक पांढरा ओघळ होता. तो आधीपासून होता की नाही, हे मला आठवेना. मी स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी ठेवू लागले. काकू कपडे वाळत घालायला आल्या की माझा हात कणकेतच थांबायचा. त्या भिंतीकडे का बघतात, आज बादली भरलेली का आहे, त्या आणि त्यांची सून हळू का बोलतात, सगळं मी टिपायला लागले. पूर्वी घरी भाजी जास्त झाली की वाटी पलीकडे जायची. ती वाटी थांबली.

नवऱ्याला पानं दाखवली. तो उभ्या उभ्या पाहून म्हणाला, "रोग असन. कापून टाक अन् इसर."

"मले तर काकूंवर शक येते."

"येऊ दे. पण भांडू नको."

तो इतकंच बोलला आणि शेताकडे निघाला. एरवी वांग्यावर एक कीड दिसली तरी पान तोडून कृषी केंद्रात दाखवायला नेणारा हा माणूस. मला तेव्हा वाटलं, शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून टाळतोय.

पुढे काकू तापाने पडल्या. गल्लीतल्या सगळ्या बाया भेटून आल्या. मी नाही गेले तर दिसलं असतं, म्हणून गेले. त्यांची बाज अंगणातच टाकली होती. मी टेकले आणि समोर भिंत पाहिली. आमच्याकडून उतरलेल्या उरल्यासुरल्या फांद्या त्यांनी बांबूच्या तट्ट्यावर पसरून बांधल्या होत्या. पानं रुंद, तुकतुकीत हिरवी. फुलंही होती.

काकूंनी माझी नजर ओळखली. "खालच्या मीच कापल्या, बाई," त्या म्हणाल्या. "नातीच्या डोयाले काटा लागता लागता राह्यला. तुले सांगणार होती, पण तू आजकाल बोलतच नाईस. काहून?"

मी म्हणाले, "कामात राह्यते, काकू." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

घरी येऊन मी परसात उभी राहिले. पलीकडे त्याच झाडाच्या फांद्या ठणठणीत, आणि अलीकडे सगळं बिघडलेलं. मग खाली पाहिलं. गुलाबाच्या पायथ्याशी टमाट्याची दोन रोपं होती, त्यांचीही पानं आवळून दोऱ्यासारखी झाली होती. शेजारचा मोगराही तसाच. म्हणजे जे काही झालं, ते आमच्या परसात उभं राहून झालं होतं. आणि मी धनजला गेले तेव्हा या घरात एकच माणूस होता.

संध्याकाळी नवरा चहा पीत होता. मी विचारलं, "मी आईकडं होती तवा गुलाबावर काही मारलं का तुमी?"

तो बशीत बघत राहिला. "मावा लागला होता. म्हटलं तू येईपर्यंत साफ करून ठेवतो."

"कोणत्या पंपानं?"

"पंप एकच तर हाये."

"त्याच्या आधी त्यात काय होतं?"

त्याने बशी खाली ठेवली. "शेताच्या धुऱ्यावरचं गवत मारलं होतं. धुतला होता मी पंप. एका पाण्यानं."

तणनाशकाचा पंप एका पाण्याने निघत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. झाडाचं मला तेवढं लागलं नाही. मी विचारलं, "मंग मी काकूंवर धरून बसली होती तवा काहून नाई सांगितलं?"

"तुह्या मनात तेच बसलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, बसू दे. कापून टाकशीन अन् इसरशीन."

दुसऱ्या दिवशी मी बिघडलेल्या सगळ्या फांद्या जुन्या लाकडापर्यंत छाटल्या. टमाटे उपटले. काकूंकडे वरणाची वाटी घेऊन गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तरीच तुहा नवरा मह्यासमोरून मान खाली घालून जाते." म्हणजे त्यांनाही बरेच दिवस काहीतरी दिसत होतं.

थंडीत बुंध्यातून नवे कोंब आले. पहिले काही पुन्हा वाकडे होते, ते काढले. नंतरचे सरळ आले. मी परत चिंध्या फाडल्या आणि आडवं बांधायला घेतलं. यंदा फुलं आहेत, पण पूर्वीसारखी भिंत भरलेली नाही.

नवरा आता सगळं सांगतो. शेतात काय फवारलं, कोणाशी बोलला, बाजारात कुठे थांबला, न विचारता सांगतो. मी ऐकते. त्याचं बोलून झालं की मी थोडा वेळ गप्प राहते, अजून काही निघतं का ते पाहत.