अर्धा कोयता

कॉलेजात जाईपर्यंत मला अपूर्णांक येत नव्हते. माझी अक्कल कमी होती असं मात्र कुणी समजू नये. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर ऊस तोडायला जायचे आणि मलाही सोबत न्यायचे. अपूर्णांक नेमके दिवाळीनंतर शिकवतात. त्यामुळे माझं गणिताचं पुस्तक दिवाळीलाच संपायचं आणि उन्हाळ्यात गुरुजी मला वरच्या वर्गात ढकलायचे.

अशी ढकलत ढकलत मी बीडला बी.कॉम.ला पोचले. तिथं गणित आलंच. पाया कच्चा असलेल्यांसाठी एक मॅडम रोजच्या तासांआधी वेगळा वर्ग घ्यायच्या. बाकीची पोरं त्याला बालवाडी म्हणायची. नेकनूरहून पहिली एसटी धरून मी त्या बालवाडीत येऊन बसायचे. बसायचे एवढंच, डोक्यात काही शिरायचं नाही.

त्या वर्षी आईच्या कमरेनं दगा दिला. डॉक्टरांनी तिला वाकायचीच बंदी केली. अण्णा तोडीला एकटे जाणार होते. मी मनाशी ठरवून टाकलं की गणित जमत नसेल तर कॉलेज सोडायचं आणि अण्णांबरोबर जायचं. ते ऊस तोडतील, मी मोळ्या बांधीन. निदान ते काम तरी मला येत होतं.

अण्णा निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला फळ्यापाशी बोलावलं. एक छेद दोन अधिक एक छेद दोन. मी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि ऐटीत लिहिलं, दोन छेद चार. मागं खसखस पिकली. मला सगळ्यांचा राग आला, हातातल्या खडूचासुद्धा.

मॅडम हसल्या नाहीत. "अर्धा हा शब्द घरी कधी वापरता गं?"

"अर्धा कोयता म्हणतेत," मी तोंड पाडून सांगितलं.

मॅडम पुण्याच्या, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग मीच समजावलं. नवरा-बायको जोडीनं तोडीला गेले की टोळीचा मुकादम त्यांचा एक कोयता धरतो. एकटंच माणूस असलं तर अर्धा.

"आणि दोन अर्धे कोयते एकत्र आले तर?"

"एक कोयता हुतो की."

"मग हे चार कुठून आणलेस? खालचा आकडा म्हणजे पुरं व्हायला किती लागतात ते. दुसरं माणूस आलं म्हणून जोडी चौघांची होते का?"

मी फळ्याकडं बघत राहिले. मग चार पुसले, दोन पुसले आणि नुसता एक लिहिला. इतका आनंद झाला की मागं वळून त्या हसणाऱ्यांकडं बघायचंसुद्धा विसरले.

परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. गाव जवळ आलं तसं दुसरंही कळलं. अण्णा अर्धे होते, आणि राहिलेला अर्धा मीच होते. सकाळपर्यंत गणित येत नव्हतं म्हणून जाणार होते, आता ते आलं म्हणून जावं लागणार होतं.

अण्णा अंगणात कोयत्याला धार लावत बसले होते. मी पिशवीही न ठेवता म्हणाले, "अण्णा, मी येते. तुमी अर्धे, मी अर्धी. पुरा कोयता हुईल."

त्यांचा हात थांबला.

"तू अर्धी कावून?" ते म्हणाले. "तू आख्खी हायेस. कालेज बुडवायचं न्हाई."

आणि ते पुन्हा धार लावू लागले. मला रडू आवरेना.

सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत चढणाऱ्यांची मोजदाद करताना मुकादमानं अण्णांना विचारलं, "अर्धाच का औंदा?"

"अर्धाच," अण्णा मोठ्या ऐटीत म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरच्या कॉलेजच्या पिशवीकडं बघत वर चढले.