चाळिसावं घर

कागद मी तयार केला होता. बारा वाक्यं आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन: ‘पटतं’, ‘पटत नाही’. बलात्काराबद्दलचे गैरसमज लोकांच्या डोक्यात किती मुरलेत, ते मोजायचं होतं. नगरच्या कॉलेजात पंख्याखाली बसून मी स्वतःवर भारी खूश होते. देवळाली प्रवराच्या उन्हात वणवण मात्र अंगणवाडीच्या कडूबाईने केली. साल शहाण्णव.

तिने हे काम आपणहून का मागून घेतलं, हे मी विचारलंसुद्धा नाही; पुढे तिनेच सांगितलं. तिची एकोणीस वर्षांची माधुरी शिवणक्लासहून येत असताना ओळखीच्याच एकाने तिला उसात ओढलं होतं. त्याच्या हाताला कडकडून चावून पोरगी सुटली. तीन आठवडे झाले तरी आईखेरीज कुणालाच ते ठाऊक नव्हतं. पोलिसात जायचं तर नवऱ्याची साथ हवी, आणि तो पोरीवर विश्वास ठेवेल का, या धास्तीने कडूबाईला अन्न गोड लागेना.

एकोणचाळीस घरं झाली. ‘नीट वागणाऱ्या पोरीच्या वाटेला कुणी जात नाही’ या वाक्याला लोक चहा ओतता ओतता ‘पटतं’ म्हणत. चाळिसावं घर तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं, ते स्वतःचं. कागदाच्या आडून नवऱ्याचं मन तिथेच चाचपायचं होतं.

नवरा, मच्छिंद्र, सकाळचा जेवायला बसला होता. माधुरी चुलीपुढे भाकरी थापत होती. आवाज कापू नये म्हणून कडूबाई भराभर वाचत सुटली.

“पटतं. ह्ये बी पटतं. येक येक काय इचारती, समदं पटतं लिही,” तो म्हणाला.

कडूबाई खुणा करू लागली. तेवढ्यात माधुरी पिठाच्या हातांनीच उठली. “आई, आता माजा कागद भर.”

बापाकडे बघत ती एकेका वाक्याला ‘पटत न्हाई’ म्हणत गेली. शेवटचं वाक्य होतं, ‘खरंच काही घडलं असेल तर मुलगी लगेच सांगते.’

“पटत न्हाई. दादा, तीन आठवडं झालं, मी तुमाला सांगितलं न्हाई.” आणि तिने सगळं सांगितलं.

मच्छिंद्रचा घास हातातच राहिला. ‘कोण होता’ विचारेल, की ‘तू तिकडून कशाला गेलीस’? कडूबाई जीव मुठीत धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“आनखी कुनाला म्हाईत हाय?” त्याने विचारलं.

पोरीआधी अब्रूची काळजी, हे माझ्या बारा वाक्यांत कुठेच नव्हतं. मला सुचलंच नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

“मला,” कडूबाई म्हणाली. “आन् आता आमी दोघी ठान्यात चाललोय, तितं बी कळंल. तुमी जेवून घ्या.”