मागच्या सीटखालचा कागद

समजा, तुम्हाला एक गाडी विकायची आहे. १९७० सालची, दोन दारांची, लांब नाकाची मसल कार, सुरू केली की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतात अशी. गाडीबरोबर चार इंच जाड फाइल आहे. पहिल्या विक्रीची पावती, वॉरंटी कार्ड, प्रत्येक ऑइल चेंजची तारीख, सगळं त्यात आहे. घेणारा शनिवारी ट्रेलर घेऊन येणार आहे. आणि बुधवारी तुम्हाला मागच्या सीटखाली एक कागद सापडतो. तो कागद फाइलीत लावाल, की गुपचूप सीट परत बसवाल?

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शोभनाकाकूंवर हीच वेळ आली.

काकू मूळच्या नागपूरच्या. इथे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या माल तपासायच्या. १९९३ मध्ये तिथला फोरमन रिटायर होऊन फ्लोरिडाला निघाला, तेव्हा त्याची ही हिरवी गाडी काकूंनी घेतली. मनोहरकाका समजत होते, बायको मिनीव्हॅन बघायला गेलीय. त्याच वर्षी दोघांची ग्रीन कार्डची केस चालू होती. एक कागद कमी पडला की माणूस कसा अडकतो, ते काकूंनी तेव्हा पाहिलं आणि गाडीलाही तोच नियम लावला. एकही चिठ्ठी टाकायची नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, पत्रा गंजवणारं मीठ दोन चांगल्या पावसांनी धुऊन निघाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही, हा दुसरा नियम.

या वसंतात दोघं जर्सी सिटीला, मुलीजवळ राहायला निघाले. एकविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि पार्किंगची एकच जागा. इथल्या घराचा ताबा महिनाअखेर द्यायचा होता. गाडीला दोन गिऱ्हाइकं होती. एक डीलर, जो ती गोदामात झाकून ठेवून भाव चढायची वाट बघणार होता. दुसरे आयोवाचे ग्लेन, शाळेत मुलांना मोटार दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. ते ती चालवणार होते. काकूंना गाडी ग्लेनकडेच जायला हवी होती.

बुधवारी मी शेजारधर्म म्हणून फोटो काढायला गेलो होतो. काकूंनी व्हॅक्यूम करायला मागची सीट उचलली. पन्नास वर्षांत ती फाटली नव्हती, म्हणून कुणी काढलीच नव्हती. खालच्या स्प्रिंगांमध्ये घडी घातलेला, तपकिरी पडलेला कागद अडकला होता.

"अगंबाई, बिल्ड शीट!" काकू ओरडल्याच.

बिल्ड शीट म्हणजे कारखान्यात गाडीबरोबर फिरणारा कागद. कुठलं इंजिन बसवायचं, कुठला रंग द्यायचा, ते कामगार त्यावर बघायचे आणि काम झालं की कागद सीटमध्ये खुपसून द्यायचे. जुन्या गाडीच्या अस्सलपणाचा याहून चांगला पुरावा नाही. काकूंच्या फाइलीत तेवढाच नव्हता.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. कागदावर रंग होता नारिंगी. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. गाडीचा नंबर काकूंच्या गाडीपेक्षा चारने पुढचा.

"म्हणजे काय?" चहाचा कप घेऊन आलेल्या काकांनी विचारलं.

"म्हणजे हा आपल्या गाडीचा नाही."

"मग ठेव की परत. त्या ग्लेनने विचारलंय का?"

"मी जाहिरातीत लिहिलंय, सगळे कागद दाखवीन."

"सगळे म्हणजे आपले. हा परक्याचा आहे."

"अहो, पण सीटच दुसऱ्या गाडीची असली तर? सगळी गाडीच जोडाजोडीची निघाली तर?"

"तीस वर्षं चालवलीस, तेव्हा निघाली नाही ती!"

काकूंनी तिथेच उभं राहून कागदाचा फोटो ग्लेनना पाठवला. गुरुवारी उत्तर आलं: या शनिवारी येत नाही, विचार करायला वेळ हवा. शुक्रवारी डीलरचा फोन आला. फोन काकूंच्या हातात देताना काकांनी भुवया उंचावल्या. काकूंनी डीलरला मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलं.

शनिवारी सकाळी काकूंनी गाडी जॅकवर चढवली. कारखान्यात गाडीचा नंबर इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही कोरायचे. इंजिनावरचा त्यांनी गाडी घेतानाच तपासला होता, गिअरबॉक्सवरचा मात्र ग्रीसखाली दडलेला होता. सहासष्ट वर्षांच्या काकू चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकल्या.

"या वयात बायका गुडघ्याला तेल लावतात," काका टॉर्च धरून म्हणाले, "आमची गाडीचं तेल तोंडावर घेते."

"टॉर्च इकडे. बोलू नका, हलतोय."

अर्धा तास ब्रश घासल्याचा आवाज येत राहिला. मग खालून आकडे येऊ लागले. काका फाइलीतल्या पावतीवरच्या गाडीच्या नंबरावर बोट ठेवून पडताळत होते.

"दोन."

"हो."

"शून्य. आठ."

"हो, हो."

"चार. एक."

"पुढे?"

"थांबा, नीट दिसत नाहीये... सात. सात आहे!"

"सात! अगं सातच आहे! जुळलं!" एवढी वर्षं या गाडीला 'तुझा रणगाडा' म्हणणारे काका टॉर्चसकट नाचले, आणि खाली अंधार झाला.

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मूळचे निघाले. कुणा कामगाराने मागून येणाऱ्या गाडीचा कागद या सीटमध्ये खुपसला असावा. काकूंनी एक पान टाइप केलं, 'सीटखाली सापडलेला कागद या गाडीचा नाही', त्याला नंबरांचे फोटो जोडले आणि ग्लेनना पाठवलं. 'या' असं लिहिलं नाही.

ग्लेन मंगळवारी आले. आधी स्वतः गाडीखाली गेले, मग फाइल पानापानाने वाचली. गाडीची स्वतःची बिल्ड शीट नाही म्हणून त्यांनी किंमत थोडी पाडली. काकूंनी घासाघीस केली नाही. "असा कागद विकणाऱ्याने स्वतःहून पाठवलेला मी पहिल्यांदाच पाहिला," ग्लेन म्हणाले, आणि किल्ली परत काकूंच्या हातात दिली. ट्रेलरवर गाडी काकूंनीच चढवली. त्याआधी दोन गल्ल्या फिरवून आणली. काका तेव्हा पहिल्यांदा न कुरकुरता शेजारी बसले.

निघताना ग्लेननी तो तपकिरी कागद फाइलीतून काढून काकूंना दिला. माझ्या गाडीचा नाही, तुम्हीच ठेवा, म्हणाले.

तो आता जर्सी सिटीत, काकूंच्या नागरिकत्वाच्या कागदांमागे प्लास्टिकच्या पाकिटात आहे. जुन्या गाड्यांच्या वेबसाइटवर काकू त्या नारिंगी गाडीचा मालक शोधतायत. तिघांनी उत्तरं दिली, एकाचाही नंबर जुळला नाही. मुलगी नेत्रा म्हणते, "आई, गाडी विकली ना? लेट इट गो." मागच्या रविवारी फोनवर मीही जवळपास तेच म्हणालो.

"अरे, असं कसं?" काकू म्हणाल्या. "त्यांचा कागद माझ्याकडे आला. मग माझ्या हिरवीचा कागद कुणाच्या सीटखाली बसलाय?"